जुनी रेबर्न पुन्हा पेटवताना: आधी आतलं बघा, एनॅमल शेवटी

इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यातलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात क्रीम रंगाची एक रेबर्न, म्हणजे ओतीव लोखंडाची ब्रिटिश चूल, उभी होती. आधीच्या मालकीणबाईंनी ती कित्येक वर्षांत पेटवली नव्हती. वर कुंड्या मांडलेल्या, आणि कुंडी उचलली की खाली गंजाचं गोल कडं. पहिल्याच शनिवारी मी बादलीभर साबणाचं पाणी घेऊन तिला बाहेरून घासायला बसलो. संध्याकाळपर्यंत ती अशी चमकायला लागली की मला वाटलं, निम्मं काम झालं. खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि त्यात दोन हिवाळे गेले. आज ती ऑक्टोबर ते एप्रिल रोज पेटते.

ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये गावाकडचं जुनं घर घेणाऱ्या आपल्या लोकांना अशी चूल कधी ना कधी भेटतेच. घराबरोबर येते, नाहीतर जाहिरातीतला फोटो बघून मोह होतो. मोह बाहेरच्या एनॅमलचा असतो, पण चूल चालणार की नाही हे आतला जाळखाना, बॉयलर आणि चिमणी ठरवतात. मी उलट क्रमाने सुरुवात केली, म्हणून योग्य क्रम इथे सविस्तर लिहितोय.

आधी दोन शब्द तिच्याबद्दल. रेबर्नची थोरली बहीण म्हणजे आगा. आगाची रचना १९२२ साली गुस्ताफ डालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने केली. १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. रेबर्न आली १९४६ साली, युद्धानंतर, लहान घरांना परवडेल अशी. आगा उष्णता साठवून ठेवते आणि दिवसरात्र एकसारखी तापलेली असते. रेबर्नचा स्वभाव आपल्या चुलीजवळचा आहे: जाळ वाढवला की तापते, कमी केला की निवते. म्हणून आगाची माहिती वाचून रेबर्न उघडायला जाऊ नका. आतली रचना वेगळी आहे आणि सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत.

रचना मात्र समजायला सोपी आहे. एका बाजूला जाळखाना, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा. जाळखान्यावर हॉटप्लेट, शेजारी ओव्हन. धूर सरळ चिमणीत जात नाही. झडप फिरवली की तो ओव्हनभोवती फिरून मग वर जातो, त्यामुळे ओव्हन तापतो. जाळखान्याच्या आत, निखाऱ्यांना लागून, पाण्याचा बॉयलर. हे सगळं बिडाचं, म्हणजे आपल्या जाड तव्याचं असतं तेच ओतीव लोखंड, आणि दर्शनी पाट्यांवर काचेचा मुलामा. एनॅमल म्हणजे खरोखरच काच असते: पूड फवारून साधारण ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत ती लोखंडावर वितळवलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- चुलीच्या मॉडेलचं नाव किंवा क्रमांक, आणि त्याच मॉडेलची मूळ माहितीपुस्तिका व सुट्या भागांचा नकाशा
- चिमणी साफ करणाऱ्याचं प्रमाणपत्र
- दोरी, गादी, सिमेंट यांच्या नमुन्यांचा ॲस्बेस्टॉस तपासणी अहवाल
- हेटास (घन इंधनाच्या चुली बसवणाऱ्या कारागिरांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी असलेल्या कारागिराचं काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, किंवा कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचं
- घराच्या विमा कंपनीला कळवल्याची लेखी पोच

हत्यारं आणि सामान:
- व्हिटवर्थ मापाचे पाने
- गंज सोडवणारं तेल, कापायची करवत, लाकडी हातोडी
- तारेचा ब्रश (फक्त कच्च्या बिडासाठी) आणि प्लास्टिकच्या खरवडण्या
- बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क, चष्मा, जाड हातमोजे
- बॅटरी, छोटा आरसा, सरळ धारेची पोलादी पट्टी
- जाळखान्याचं सिमेंट, दारांसाठी काचतंतूंची दोरी आणि तिचा डिंक, कॉपर ग्रीस
- झिपच्या पिशव्या, मार्कर, दोन जुनी ब्लँकेटं

पाने मुद्दाम पहिले लिहिलेत. जुन्या ब्रिटिश बनावटीचे नट-बोल्ट मेट्रिक नसतात. घरातला मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, म्हणून आपण जोर लावतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. मग तो कापल्याशिवाय निघत नाही. जुन्या बाजारात व्हिटवर्थ पान्यांचा संच स्वस्तात मिळतो. तो आधी घ्या.

१. विकत घेण्याआधी आतून बघा

सुट्या भागांसाठी मी आणखी एक रेबर्न विकत घेतली. विकणारा म्हणाला, "गेल्या वर्षापर्यंत चालू होती." मी एनॅमल बघितलं, दारं उघडून-मिटून बघितली, पैसे दिले. घरी आणून बॉयलरमध्ये पाणी ओतलं तर ते मागच्या बाजूने धारेने बाहेर. कधीतरी हिवाळ्यात आत उरलेलं पाणी गोठलं होतं आणि बॉयलर उभा चिरला होता.

म्हणून बॅटरी आणि आरसा घेऊनच जा. जाळखान्याच्या भिंती आणि ओव्हनचा वरचा पत्रा यांवर भेगा शोधा. हॉटप्लेटवर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा. मध्ये फुगवटा असेल तर चूल कधीतरी फार तापवली गेली आहे. जाळीचे गज वाकलेत का, झडप हाताने फिरते का, दारांचे बिजागर सैल आहेत का, हेही बघा.

सगळ्यात मोठा फसवा प्रकार वेगळाच. अनेक रेबर्न मधल्या काळात तेलावर चालणाऱ्या करून घेतल्या गेल्या. बाहेरून काही कळत नाही, पण आत जाळी नसते, राखेचा कप्पा नसतो, त्या जागी तेलाचा बर्नर. ती पुन्हा लाकूड-कोळशावर आणायची तर निम्मी चूल नवी घ्यावी लागते. राखेचं दार उघडल्यावर जाळी दिसली नाही, तर तिथून परत फिरा.

एनॅमलचा टवका उडालेला असेल तर भाव कमी करून मागा. बीड तडकलेलं असेल तर सोडून द्या.

२. चिमणी आणि कायदा

हे काम चूल उघडण्याआधीच करा. चिमणीच निकामी निघाली तर बाकीची मेहनत फुकट जाते. साफ करणाऱ्याला बोलवा, चिमणी साफ झाल्यावर धूर सोडून गळतीची चाचणी करायला सांगा. जुन्या विटांच्या चिमणीतून धूर वरच्या बेडरूमच्या भिंतीतून झिरपत असेल तर आत पोलादी नळ घालावा लागतो. लाकडाखेरीज कधी बिनधुराचा कोळसाही जाळणार असाल तर ९०४ प्रतीचं पोलाद मागा. स्वस्तातली प्रत कोळशातल्या गंधकापुढे लवकर हार मानते.

चुलीखालची फरशीही तपासून घ्या. अशा चुलीला साधारण १२५ मिलिमीटर जाडीची न जळणारी बैठक लागते. लाकडी जमिनीवर नुसत्या टाइल चिकटवलेल्या असतील तर ते चालणार नाही.

इंग्लंडमध्ये अशी चूल बसवणं, पुन्हा जोडणं किंवा चिमणीत नळ घालणं हे कळवण्याजोगं बांधकाम समजलं जातं. हेटासचा कारागीर ते स्वतः प्रमाणित करतो. नाहीतर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवायचं. हा कागद जपून ठेवा, घर विकताना वकील तो मागतात.

तुमचं घर धूरनियंत्रित भागात आहे का, हे कौन्सिलच्या नकाशावर बघा. १९५२ च्या लंडनच्या विषारी धुक्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, त्यातूनच हे भाग ठरले. अशा भागात जुन्या रेबर्नमध्ये लाकूड जाळता येत नाही, फक्त मान्यताप्राप्त बिनधुराचं इंधन चालतं. चिमणीतून धूर निघाला तर ३०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता खास आपल्या स्वयंपाकघरांसाठी. फोडणीचा वास जावा म्हणून आपण ओट्यावर जोरदार एक्झॉस्ट पंखा बसवतो. तोच पंखा चिमणीतला धूर उलटा घरात ओढतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. चूल असलेल्या खोलीत पंखा असेल तर तो पूर्ण वेगाने चालू ठेवून, दारं-खिडक्या बंद करून धुराची चाचणी झालीच पाहिजे. आमच्याकडे ती नापास झाली आणि पंखा काढावा लागला. बाहेरून हवा आत येणारी कायमची जाळीसुद्धा लागते. थंडी येते म्हणून ती बोळ्याने बुजवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून बुजवू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं सक्तीचं आहे. तो चुलीपासून आडवा १ ते ३ मीटरवर, आणि छताला लावत असाल तर भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर असावा.

३. ॲस्बेस्टॉस: तपासल्याशिवाय हात लावू नका

ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. त्याआधीच्या चुलीत दारांची दोरी, पाट्यांमागच्या गाद्या, चिमणीच्या जोडातलं भरण, यांपैकी कशातही तो असू शकतो. पांढरी-राखाडी, बोटाने चुरगळली की तंतू सुटणारी दोरी दिसली तर तिथेच थांबा. झाडू नका, फुंकर मारू नका, घरातला व्हॅक्यूम अजिबात चालवू नका. नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच काढून घ्या. आमच्या ओव्हनच्या दाराच्या दोरीत तो निघाला. ती काढण्याचं आणि विल्हेवाट लावण्याचं काम आम्ही त्या कामाच्या माणसांवर सोपवलं. चुलीच्या एकूण खर्चात ती रक्कम लहान होती. फुप्फुसात गेलेला तंतू पुढे वीस-तीस वर्षांनीही आजार होऊन बाहेर येतो.

४. उघडणं

घाई करू नका, एवढंच सांगून थांबलो असतो, पण थोडं तपशिलात सांगतो.

प्रत्येक जोडाचा फोटो काढा, सुटायच्या आधी आणि सुटल्यावर. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. "लक्षात राहील" असं वाटतं. दोन महिन्यांनी राहत नाही.

गंजलेल्या बोल्टवर तेल टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. असं चार-पाच दिवस. मग पाना लावून आधी किंचित आवळा, मग सोडवा. गंजाची पकड मोडायला आवळण्याचा तो छोटा झटका फार उपयोगी पडतो. गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवणं बिडात चालतं, एनॅमलच्या पाटीजवळ नाही: काच एका जागी तापली की टवका उडतो. मी समोरच्या पाटीचा शेवटचा बोल्ट तापवून काढायला गेलो. रुपयाएवढा तुकडा टिचकी मारल्यासारखा उडाला आणि खालचं काळं लोखंड दिसायला लागलं. तो बोल्ट करवतीने पाच मिनिटांत कापला गेला असता.

क्रम साधारण असा: समोरची दांडी, दारं, हॉटप्लेटचं झाकण, वरची पाटी, मग समोरची आणि बाजूच्या पाट्या. वरची पाटी दोघांनी सरळ वर उचलायची, एका कोपऱ्यावर तोलायची नाही. खाली ब्लँकेट अंथरा आणि पाट्या आडव्या न रचता भिंतीशी उभ्या ठेवा. पाटी आणि बोल्टच्या डोक्यामध्ये असलेले मऊ वायसर फेकू नका. लोखंडाने काच चेपली जाऊ नये म्हणून ते असतात. खराब झाले असतील तर तसेच नवे घ्या.

जाळखान्याचं धूड एकट्याने हलवू नका. ते सुटं झालं तरी चांगल्या दोन माणसांना पेलत नाही. आम्ही ते जागेवरच ठेवून काम केलं.

५. काजळी आणि बीड

ओव्हनभोवतीचे धुराचे मार्ग काजळीने भरलेले असतात, आणि "ओव्हन तापत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं. सफाईची झाकणं उघडून लांब दांड्याच्या ब्रशने सगळी काजळी काढा. आमच्या चुलीतून जवळजवळ बादलीभर निघाली.

कच्च्या बिडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा. नुसता पृष्ठभागावरचा गंज असेल तर काळजी नको, बीड जाड असतं. ब्रश मारल्यावर पापुद्रे निघतच राहिले तर तो भाग बदलायचा. भेगांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाहेरच्या, आगीपासून दूरच्या भागावरची भेग बिडाच्या वेल्डिंगमधल्या जाणकाराकडून भरून घ्यावी. त्याला भाग आधी तापवावा लागतो आणि नंतर हळूहळू निवू द्यावा लागतो. जाळखान्यातली भेग भरू नये. तिथे तापणं-निवणं रोजचं असतं, जोड पुन्हा सुटतो.

कोलब्रुकडेल इथून फार लांब नाही. अब्राहम डार्बी यांनी १७०९ साली तिथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं, आणि त्याच गावातला, आगासाठी ओतकाम करणारा कारखाना नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाला. जुन्या चुलींचे भाग आता बरेचसे वापरलेल्या चुलींतून किंवा लहान पुरवठादारांकडून मिळतात. म्हणून जो भाग धड आहे तो जपून काढा, नवा मिळेल या भरवशावर तोडू नका.

६. विटा, दोरी, सिमेंट

जाळखान्याच्या विटेला बारीक चीर असेल आणि वीट जागच्या जागी घट्ट असेल तर राहू द्या. भुगा होत असेल किंवा तुकडा पडला असेल तर त्या मॉडेलचीच नवी घ्या. विटा ठोकून बसवू नका. बसत नसेल तर मागे जुनं सिमेंट उरलेलं असतं, ते खरवडा.

दोरी बसवताना ताणायची नाही. ताणली की ती बारीक होते आणि पहिल्या जाळानंतर आखडून टोकांशी फट पडते. खाच स्वच्छ करा, डिंक लावा, दोरी हलक्या हाताने दाबत न्या, दार एक रात्र मिटून ठेवा. दोरी नकाशात दिलेल्या जाडीचीच हवी. जाड घेतली तर दार जोर लावून मिटावं लागतं आणि बिजागराचं बीड मोडतं.

सिमेंट लावण्याआधी जागा ओलसर करा. थर पातळ द्या.

७. बॉयलर

हा टप्पा सावकाश वाचा.

सांगलीजवळ आजोळी तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या पहाटे तो पेटवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं आणि आजी दर वेळी तेच विचारायची: "पाणी भरलंय का रे? आधी पाणी, मग जाळ." रिकाम्या बंबाखाली जाळ केला की जोडाचा डाग सुटतो, एवढंच तेव्हा माहीत होतं. रेबर्नच्या बॉयलरला तोच नियम आहे, फक्त चूक झाली तर परिणाम जिवावरचा आहे. बंब वरून उघडा असतो. बॉयलर सगळीकडून बंद असतो, आणि वाफेला बाहेर जायला वाट नसेल तर तो फुटतो.

मूळ व्यवस्था अशी असते. तापलेलं पाणी हलकं होऊन जाड नळीने वर, गरम पाण्याच्या सिलिंडरकडे जातं, निवलेलं पाणी दुसऱ्या नळीने खाली येतं. पंप लागत नाही, वीज गेली तरी फेरा चालू राहतो. म्हणून नळ्या जाड, बहुधा २८ मिलिमीटरच्या, आणि चढत्या उताराच्या असतात. सर्वांत वर एक छोटी टाकी आणि तिच्यावर उघड्या तोंडाची नळी, वाफ आणि जादा पाणी बाहेर पडायला. या उघड्या वाटेवर कुठेही नळ किंवा व्हॉल्व्ह नसावा. आधीच्या कुणी "गळतंय" म्हणून बसवला असेल तर चूल पेटवण्याआधी तो निघालाच पाहिजे. ती टाकी आणि नळी पोटमाळ्यावर थंडीने गोठणार नाही असं वेष्टनही हवं. जादा उष्णता जायला एक रेडिएटर कायम उघडा ठेवतात, त्यालाही बंद करायची चावी नको.

तपासणीचा क्रम:

- नळ्यांची तोंडं उघडून आत बघा. चुनखडीची पुटं किंवा काळा गाळ असेल तर धुऊन काढा.
- पाणी भरून रात्रभर ठेवा, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा. सकाळी डाग दिसला तर बॉयलर गेला.
- वर्तमानपत्र कोरडं राहिलं तरी पुरेसं नाही. घन इंधनाचं काम जाणणाऱ्या प्लंबरकडून पाण्याचा दाब देऊन तपासून घ्या. हवेचा दाब कधीच देऊ नका. हवा भरलेला बिडाचा बॉयलर फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

आणि ज्यांना गरम पाणी नकोच आहे, फक्त स्वयंपाकाला चूल हवी आहे, त्यांच्यासाठी. "नळ्या कापून तोंडं बुजवून टाकू, बॉयलर आत राहू दे" असं सांगणारा माणूस हमखास भेटतो. त्याचं ऐकू नका. तोंडं बुजवलेल्या बॉयलरमध्ये वाटीभर पाणी जरी उरलं, तरी जाळ लागला की त्याची वाफ होते आणि तिला वाट नसते. असे स्फोट होऊन ब्रिटनमध्ये माणसं दगावली आहेत. बॉयलर नको असेल तर तो चुलीतून बाहेर काढायचा आणि त्या जागी त्या मॉडेलसाठीच्या विटा बसवायच्या. मधला मार्ग नाही.

८. आता एनॅमल

पाट्या सुट्या आहेत तोवर हे काम सोपं जातं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं. तेलकट पिवळा थर असेल तर खायच्या सोड्याची लापशी लावून तासभर ठेवा, मग प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. तारेची घासणी नको. लिंबू, चिंच, व्हिनेगर तर मुळीच नको. तांब्या-पितळेला चकाकी आणणारा आंबटपणा एनॅमलची चकाकी खातो, आणि ती परत येत नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी मायेने पितांबरी काढली होती. मी ती लगेच सिंककडे, तांब्याच्या भांड्यांकडे पाठवली.

जुन्या लोणच्याच्या बरणीवर असतात तशा केसाएवढ्या रेघा एनॅमलवर दिसतील. त्याने काही बिघडत नाही. टवका उडालेल्या जागी आधी गंज काढून, उष्णता सोसणारा दुरुस्तीचा रंग बारीक ब्रशने दोन-तीन पातळ हातांत द्या. तो रंग आहे, काच नाही. समोर आणि बाजूला टिकतो, हॉटप्लेटच्या कडेला जळून जातो.

पूर्ण पाटी नव्याने करायची तर ती कारखान्यात वाळूच्या माऱ्याने उघडी करून, फवारून पुन्हा भट्टीत घालावी लागते. खर्च मोठा आहे. इथे एक फसवणूक होते: पावडर कोटिंग केलेली पाटी "री-एनॅमल" म्हणून विकतात. पाटी उलटी करून बघा. खऱ्या एनॅमलच्या पाटीला मागूनही सहसा काळपट, काचेसारखा पहिला थर असतो. मागे मऊ प्लास्टिकसारखा रंग किंवा नुसतं लोखंड दिसलं तर शंका घ्या.

आमच्या समोरच्या पाटीवरचा तो रुपयाएवढा टवका मी रंगवून तसाच ठेवला आहे.

९. जोडणी

उघडलं त्याच्या उलट क्रमाने, फोटो समोर ठेवून. प्रत्येक बोल्टला कॉपर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी सुटेल. पाट्यांचे बोल्ट हातानेच बसवा आणि पान्याने फक्त टेकवा. बीड तापल्यावर वाढतं, त्याला जागा लागते. कचकचून आवळलं की पहिल्याच जाळात एनॅमल चटकतं.

मग कागदाची चाचणी. कागदाची पट्टी दारात धरून दार मिटा आणि ओढा. अडकली तर दोरी ठीक, सहज निसटली तर तिथून हवा आत शिरणार. दारांच्या चारही बाजूंनी करा. हवा फक्त राखेच्या दारावरच्या चकतीतून, तुमच्या मर्जीने आत गेली पाहिजे.

१०. पहिला जाळ

बॉयलरमध्ये पाणी, वरच्या टाकीत पाणी, अलार्म चालू, खिडकी उघडी. पहिल्या दिवशी कागद आणि काटक्या, तासभर. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लहान लाकडं. सिमेंटमधलं पाणी हळूहळू निघून जायला हवं. मी दुसऱ्याच दिवशी, बाहेर बर्फ पडत होता म्हणून, भरभरून जाळ केला. सिमेंट फुगून पडलं आणि एक नवी वीट आडवी तडकली. विझवून, निवू देऊन पुन्हा सहाव्या टप्प्यावर यावं लागलं.

सुरुवातीला जळका वास येईल, पाट्यांना आतून घाम सुटेल. दोन-तीन जाळांत थांबतं. धूर खोलीत येत राहिला तर मात्र जाळ वाढू न देता विझू द्या आणि कारागिराला बोलवा.

इंधनाचं थोडक्यात. लाकडात ओल २० टक्क्यांपेक्षा कमी हवी. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर लावा, बाहेरची साल कोरडीच दाखवते. इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी साध्या दगडी कोळशाची विक्री मे २०२३ पासून पूर्ण बंद आहे, बिनधुराच्या कोळशाच्या विटा मिळतात. ज्या विटांत पेटकोक (खनिज तेल शुद्ध करताना उरणारा कोक) जास्त आहे त्या घेऊ नका, त्यांच्या उष्णतेने जाळीचे गज वाकतात. लाकूड आणि कोळसा एकत्र जाळू नका. लाकडावर रात्रभर धुमसत ठेवू नका, चिमणीत डांबर साचतं आणि तेच एखाद्या रात्री पेट घेतं.

पेटल्यानंतर

हॉटप्लेट सगळीकडे सारखी तापत नाही. जाळखान्यावरची बाजू कडक, ओव्हनवरची मवाळ. कडक बाजूला बिडाचा तवा ठेवून भाकरी टाकायची, मवाळ बाजूला आमटी उकळत ठेवायची. भाकरी दोन्हीकडून भाजली की जाळखान्याचं दार उघडून चिमट्याने निखाऱ्यांसमोर उभी धरा, आपल्या चुलीच्या तोंडाशी धरतो तशी. आधी एका बाजूने फुगवटा येतो, मग टम्म फुगते. भाकरी निघाली की दार लगेच मिटा. विरजण लावायला चुलीशेजारचं शेल्फ, तूप कढवायला मवाळ बाजू.

तापलेल्या एनॅमलवर आमसुलाचं सार किंवा दूध सांडलं तर ताबडतोब कोरड्या जाड फडक्याने टिपा, डाग राहतो. पण गार पाण्याचं फडकं लावू नका, काच तडकते. नीट सफाई चूल निवल्यावर.

राख रोज काढा. राखेचा कप्पा भरून जाळीला टेकला की खालून येणारी हवा बंद होते आणि गज निवायचे थांबतात. जाळी वितळण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, फरशीवर ठेवा. आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. निव्वळ लाकडाची राख बागेत थोडी थोडी चालते, कोळशाची भाजीच्या वाफ्यात घालू नका. चिमणी वर्षातून दोनदा साफ करून घ्या, एकदा थंडी सुरू होण्याआधी आणि एकदा मध्ये. उन्हाळ्यात चूल बंद ठेवताना काजळी पूर्ण काढून दारं थोडी किलकिली ठेवा, म्हणजे आत ओल धरून गंज चढत नाही.